सिरीज टेस्टिंग बोर्ड: सहा फ्यूज उडाल्यावर घेतला, पहिल्या फ्यूजनंतरच घ्यायला हवा होता

सहावा फ्यूज उडाला तेव्हा मी टीव्हीच्या स्विचवरून बोटही उचललं नव्हतं. बारीकसा ‘टक’ आवाज झाला आणि फ्यूजची काचेची नळी आतून काळपट-चंदेरी झाली, आरशामागच्या मुलाम्यासारखी. त्या संध्याकाळी फ्यूज आणणं बंद केलं आणि सिरीज टेस्टिंग बोर्ड मागवला, म्हणजे उपकरणाला बल्बमधून वीज देऊन शॉर्ट तपासायचा खोका. आता तीन महिने तो वापरते आहे. बोर्डाबद्दल लिहायचं तर टीव्हीची हकिकत सांगावीच लागेल, कारण बोर्डाचे गुण आणि दोष दोन्ही मला त्या टीव्हीवरच कळले.

टीव्ही २१ इंची, रंगीत, पिक्चर ट्यूबचा. मागच्या स्टिकरवर १९९८ साल आहे. बाबांनी कॅमेऱ्यावर घेतलेल्या व्हीएचएस कॅसेटी आई याच टीव्हीवर बघते. नव्या सपाट टीव्हीला व्हीसीआर जोडून पाहिला होता. चित्र आडवं ताणलेलं, कडा फिसकटलेल्या, आणि बाबांचा आवाज पत्र्यातून आल्यासारखा. आई दोन मिनिटांत म्हणाली, ‘अगं, हे नको. जुन्यावर लाव.’ म्हणून जुना टीव्ही चालू राहायला हवा होता, एवढंच.

दुखणं असं होतं की रात्रभर बंद असलेला टीव्ही सकाळी लावला की कधीतरी फ्यूज जायचा. नवा घातला की दोन-तीन दिवस काही तक्रार नाही. मग पुन्हा एखाद्या सकाळी ‘टक’. ‘सकाळी, गार असतानाच’ ही फार मोलाची खूण होती, पण तेव्हा मला ती वाचता आली नाही. पहिले दोन फ्यूज मी बदलले. तिसरा गेला तेव्हा एका मेकॅनिकना बोलावलं. त्यांनी दहा मिनिटांत उडालेल्या फ्यूजवर वायरमधल्या तांब्याच्या तारा गुंडाळल्या, तो परत बसवला आणि म्हणाले, ‘आता परत जाणार नाही.’ खरंच गेला नाही. चार दिवस टीव्ही चालला. पाचव्या सकाळी आतून फटाक्यासारखा आवाज आला आणि जळका वास सुटला. आई समोरच बसली होती. मी धावत जाऊन प्लग काढला. मागचं झाकण उघडलं तर फ्यूजच्या पुढची प्रिंट, म्हणजे टीव्हीच्या सर्किट बोर्डावरची तांब्याची पट्टी, दोन बोटं लांबीची जळून उडालेली. फ्यूजने तुटायचं नाकारलं, म्हणून त्याच्यानंतरची सगळ्यात बारीक जागा तुटली. ती पट्टी थोडी रुंद असती तर काय पेटलं असतं याचा विचार अजूनही नकोसा वाटतो. फ्यूजवर तार, चांदीचा कागद किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालणारा माणूस दुरुस्ती करत नाही. तो आग लागण्याची जागा फक्त पुढे ढकलतो.

तार काढली, प्रिंटच्या जागी योग्य जाडीच्या वायरचा जंपर, म्हणजे जोडतुकडा, सोल्डर केला, फ्यूज बसवला. उडाला. पुढचे दोनही.

इथे फ्यूजबद्दल थोडं, कारण दुकानात ‘टीव्हीचा फ्यूज’ मागितला की हाताला येईल तो मिळतो. माझ्या टीव्हीच्या बोर्डावर ‘टी ३.१५ ए २५० व्होल्ट’ असं छापलंय. त्यातल्या ‘टी’चा अर्थ सावकाश उडणारा. टीव्ही चालू होताना वीज साठवणारा रिकामा मेन कपॅसिटर भरतो आणि डिगॉसिंग कॉइल (पिक्चर ट्यूबवरचे चुंबकीय रंगडाग पुसणारी तारेची गुंडाळी) क्षणभर मोठा करंट ओढते, तेवढा झटका या फ्यूजने सहन करायचा असतो. त्याच अँपिअरचा ‘एफ’ म्हणजे झटपट उडणारा फ्यूज घातला तर चांगला टीव्हीसुद्धा फ्यूज उडवू शकतो. ५ बाय २० मिलिमीटरच्या मापात काचेचा आणि सिरॅमिकचा असे दोन्ही मिळतात, पण ते एक नव्हेत. काचेचा साधा फ्यूज साधारण ३५ अँपिअरपर्यंतचा शॉर्ट नीट तोडू शकतो, जास्त क्षमतेचा सिरॅमिक १५०० अँपिअरपर्यंतचा. म्हणून जे छापलंय तेच घालायचं.

उडालेला फ्यूज टाकून देण्याआधी उजेडात धरून बघा. तार मधोमध हलकेच तुटली असेल आणि काच स्वच्छ असेल तर भार थोडा जास्त होता. काच काळी-चंदेरी झाली असेल तर सरळ शॉर्ट. माझे सहाही काळे. पण फ्यूज एवढंच सांगू शकतो. शॉर्ट कुठे आहे ते सांगायच्या आत तो गेलेला असतो, आणि बिघडलेल्या भागावर मीटर लावायला आपल्याला पाव सेकंदही मिळत नाही. सिरीज बोर्ड हा वेळ देतो.

बोर्ड म्हणजे काय तर प्लॅस्टिकचा एक चपटा खोका. त्यावर बल्बचा होल्डर, एक सॉकेट, एक चालू-बंदचा स्विच आणि एक निवडीचा स्विच: ‘सिरीज’ किंवा ‘डायरेक्ट’. टीव्हीचा प्लग सॉकेटमध्ये, बोर्डाचा प्लग भिंतीत. सिरीजमध्ये ठेवलं की टीव्हीला जाणारी वीज आधी बल्बमधून जाते. १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब २३० व्होल्टवर फार तर ०.४३ अँपिअर जाऊ देतो. टीव्हीत कितीही मोठा शॉर्ट असला तरी तेवढाच. बल्ब पूर्ण पेटून राहतो, ३.१५ चा फ्यूज शाबूत राहतो आणि काही जळत नाही. टीव्ही ठीक असेल तर बल्ब एकदा लख्ख होतो, कपॅसिटर भरतो, आणि बल्ब मंद होत जातो. गार फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्यापेक्षा दहा-पंधरा पटींनी कमी असतो, म्हणून थोडा करंट हवा असलेल्या उपकरणाला तो फारसा आडवा येत नाही आणि जास्त मागणाऱ्याला आपोआप अडवतो. एलईडी बल्ब इथे चालतच नाही, त्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं. बोर्डाबरोबर बल्ब आलेला नव्हता आणि खोक्यावर ‘फिलामेंटचाच बल्ब लावा’ असं कुठेही लिहिलेलं नाही. हे लिहायलाच हवं होतं. मला १०० वॉटचा बल्ब शोधायला दोन दिवस लागले.

बोर्ड लावण्याआधी मीटरने बघून झालं होतं. प्लगच्या दोन पिनांवर मीटर बीप मोडमध्ये धरला, टीव्हीचा स्विच दाबला, आणि बीप वाजला. शॉर्ट सापडला असं वाटलं. तो शॉर्ट नव्हता. डिगॉसिंग कॉइल आणि तिच्याबरोबरचा पॉझिस्टर (तापला की करंट अडवणारा भाग) मिळून गार असताना वीस-तीस ओहमच भरतात, आणि बरेच मीटर एवढ्यावरही बीप देतात. चांगल्या टीव्हीवरही हा बीप वाजू शकतो. कॉइलचा कनेक्टर काढला तर बीप गेला, मीटरने शॉर्ट नाही असं सांगितलं. तरीही फ्यूज उडत होता.

मग बोर्ड. सिरीजमध्ये टाकून स्विच दाबला आणि १०० वॉटचा बल्ब पूर्ण पेटला, तसाच राहिला. मी स्विच बंद केला आणि जरा वेळ नुसती बसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तो शॉर्ट माझ्यासमोर स्थिर उभा राहिला होता.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. डिगॉसिंग कॉइल जोडलेली असताना सिरीजच्या बल्बवर पूर्ण विश्वास ठेवू नये. पॉझिस्टर नेहमी मोठ्या करंटने झटकन तापतो आणि कॉइलचा करंट बंद करतो. बल्बमुळे तो करंटच कमी मिळतो, पॉझिस्टर नीट तापत नाही, आणि काहीही बिघडलेलं नसताना बल्ब बराच वेळ पेटून राहतो. म्हणून आधी कॉइलचा कनेक्टर काढायचा. मी काढला. बल्ब तरीही पूर्ण पेटलेला. मीटर म्हणतो शॉर्ट नाही, बल्ब म्हणतो आहे. मीटर काही व्होल्टच लावून मोजतो, बल्ब २३० लावतो. म्हणजे जे काही होतं ते व्होल्टेज आल्यावरच शॉर्ट होत होतं.

इथे माझी चूक झाली आणि तिच्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. कॉइल काढूनही फरक पडला नाही, म्हणजे पॉझिस्टर निर्दोष, असं मी ठरवलं आणि पुढच्या भागाच्या मागे लागले. ब्रिजचे, म्हणजे एसी विजेची डीसी करणाऱ्या भागाचे, चारही डायोड काढून मोजले. एका दिशेने ०.५ व्होल्टच्या आसपास, उलट दिशेने काही नाही, म्हणजे चांगले. एसटीआर आयसी, म्हणजे पॉवर सप्लाय चालवणारी चिप, बघितला, शॉर्ट नाही. पडद्यावर किरण आडवा फिरवणारा होरिझॉन्टल ट्रान्झिस्टर बघितला. खरं तर तो शॉर्ट झाला तर अशा टीव्हीत बहुतेक वेळा सप्लाय टकटक करत बंद-चालू होतो, मेन फ्यूज जातोच असं नाही. पण थकलेलं डोकं सगळंच तपासत सुटतं.

दुसऱ्या दिवशी वेगळं केलं. डायोड बाहेरच ठेवले आणि टेस्टिंग बोर्ड लावला. ब्रिजच नाही म्हणजे मेन कपॅसिटर, एसटीआर, ट्रान्सफॉर्मर सगळं एका झटक्यात तपासणीबाहेर. बल्ब पूर्ण पेटला. याचा अर्थ दोष ब्रिजच्या अलीकडे, जिथे मोजून चारच वस्तू होत्या: विजेतला गोंगाट गाळणारी लाइन फिल्टरची कॉइल, त्याच कामासाठी फेज आणि न्यूट्रलमध्ये आडवा लावलेला एक्स कपॅसिटर, जादा व्होल्टेज शोषणारा व्हॅरिस्टर आणि पॉझिस्टर. कपॅसिटर काढला, बल्ब पेटलेला. व्हॅरिस्टर काढला, पेटलेला. पॉझिस्टर काढला आणि बल्ब विझला.

पॉझिस्टर तीन पायांचा होता. दोन पायांच्या पॉझिस्टरमध्ये एकच चकती कॉइलच्या सिरीजमध्ये असते, त्यामुळे कॉइल काढली की तो सर्किटमधून बाहेर जातो. तीन पायांच्या पॉझिस्टरमध्ये दोन चकत्या असतात. एक कॉइलच्या सिरीजमध्ये, आणि दुसरी सरळ मेन लाइनवर आडवी, पहिलीला गरम ठेवण्यासाठी. कॉइलचा कनेक्टर काढला तरी ही दुसरी चकती २३० व्होल्टवरच राहते. कॉइल काढून पॉझिस्टर तपासला असं समजणाऱ्या प्रत्येकाने आधी पाय मोजावेत.

कानाशी धरून हलवला तर आत खुळखुळ वाजत होतं. काळं प्लॅस्टिकचं कवच उघडलं. नाण्याएवढ्या करड्या चकत्या, दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या स्प्रिंगांनी दाबून धरलेल्या. एक शाबूत. दुसरीचे तीन तुकडे, कडा काळ्या, आणि स्प्रिंगच्या पत्र्यावर ठिणग्यांचे खड्डे. या चकत्या बेरियम टायटॅनेटच्या सिरॅमिकच्या असतात. ठरावीक तापमानाच्या वर गेल्या की त्यांचा रेझिस्टन्स एकदम कित्येक पटींनी वाढतो, सगळं काम त्यावरच चालतं. पण टीव्ही गार असताना लावला की त्या क्षणात तापतात, बंद केला की गार होतात, आणि असं इतकी वर्षं रोज. सिरॅमिकला तडा जातो. सकाळचा पहिला स्टार्ट हा या भागावरचा सगळ्यात मोठा ताण, म्हणून फ्यूज सकाळीच जायचा. खूण पहिल्या दिवसापासून समोर होती.

बाकीचे भाग परत सोल्डर करून, पॉझिस्टरशिवाय, टीव्ही टेस्टिंग बोर्डावर लावला. बल्ब एकदा लख्ख झाला, हळूहळू मंदावला, आणि टीव्हीचा लाल स्टँडबायचा दिवा लागला. रिमोटने चालू केल्यावर बल्ब उघडझाप करू लागला. घाबरण्यासारखं नव्हतं. टीव्ही पूर्ण चालायला जेवढी वीज मागतो तेवढी १०० वॉटचा बल्ब देत नाही, म्हणून सप्लाय सुरू होऊन परत बसत होता. मग सातवा फ्यूज, टी ३.१५, निवडीचा स्विच डायरेक्टवर. चित्र आलं. वरचा डावा कोपरा हिरवट आणि खालचा उजवा जांभळट, कारण डिगॉसिंगच नव्हतं. चार दिवसांनी तेवढ्याच ओहमचा, तीन पायांचा नवा पॉझिस्टर मिळाला. लावून टीव्ही चालू केला तेव्हा तो ‘धुम्म’ आवाज आला, जो किती दिवसांत ऐकला नव्हता. डाग फिके झाले. टीव्ही गार होऊ देऊन अर्ध्या तासाने पुन्हा लावला तेव्हा पूर्ण गेले.

आता बोर्डाच्या बांधणीबद्दल, आणि इथे मी समाधानी नाही. पहिल्याच दिवशी मागचे चार स्क्रू काढून आत बघितलं ते बरं झालं. चालू-बंदचा स्विच न्यूट्रलवर जोडलेला होता. म्हणजे स्विच बंद, बल्ब विझलेला, आणि तरी जोडलेला टीव्ही फेजवर जिवंत. टेस्टर लावला तेव्हा कळलं. ही किरकोळ चूक नाही, यात जीव जाऊ शकतो. मी वायर बदलून स्विच फेजवर घेतला. तुमचा प्लग उलटासुलटा बसत असेल तर तेवढ्यानेही भागणार नाही, प्रत्येक वेळी भिंतीतून प्लग काढूनच हात लावा. सॉकेटच्या अर्थिंगच्या पिनेला वायरच नव्हती, ती ओढली. निवडीच्या स्विचवर ‘सिरीज’ आणि ‘डायरेक्ट’ कुठल्या बाजूला हे छापलेलं नाही, फक्त एक ठिपका आहे. शॉर्ट असलेला टीव्ही चुकून डायरेक्टवर गेला तर बोर्ड असून नसल्यासारखा. मी लाल रंगाने खूण केली. होल्डर खोक्याच्या फार जवळ आहे. १०० वॉटचा बल्ब दहा मिनिटं पूर्ण पेटला की झाकण हाताला गरम लागतं, आणि महिन्याभरात तिथे पिवळा डाग पडला आहे. बोर्डात स्वतःचा फ्यूज किंवा एमसीबी नाही. वायर आखूड आहे, त्यामुळे काम करताना बोर्ड टीव्हीला अगदी चिकटून राहतो. सॉकेट मात्र घट्ट आहे, स्विच चांगल्या प्रतीचे आहेत आणि होल्डरची पकड मजबूत आहे.

आणखी एक गैरसमज. हा बोर्ड टीव्हीला वाचवतो, माणसाला नाही. ०.४३ अँपिअर जीव घ्यायला कितीतरी जास्त आहेत, आणि शरीराचा रेझिस्टन्स बल्बच्या तुलनेत इतका मोठा असतो की बल्बमुळे शॉक कमी होत नाही. टीव्हीच्या प्रायमरी बाजूची, म्हणजे भिंतीतल्या विजेवर थेट चालणाऱ्या भागाची, ग्राउंड मेन लाइनशी जोडलेली असते. प्लग काढल्यावरही मेन कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट राहू शकतात. माझ्या टीव्हीतला २२० मायक्रोफॅरडचा आहे. मी दर वेळी इन्सुलेटेड क्लिपांनी १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर अर्धा मिनिट लावून तो रिकामा करते आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच हात घालते. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करत नाही. पिक्चर ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली वीस हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही रेंगाळतात. तिला मी हात लावलाच नाही, लावण्याचं कारणही नव्हतं.

ज्यांना सोल्डरिंग येतं, मीटर वापरता येतो आणि बोर्ड उघडून आतली वायरिंग तपासायची तयारी आहे त्यांनी हा जरूर घ्यावा. टीव्हीच नव्हे, अॅम्प्लिफायर किंवा चार्जर पहिल्यांदा चालू करतानाही मी आता तोच लावते. ज्यांना आतली वायरिंग तपासता येत नाही त्यांनी हा नमुना घेऊ नये, न्यूट्रलवरच्या स्विचपायी. जाणकाराकडून बांधून घेतलेला साधा बोर्ड जास्त सुरक्षित. पाचपैकी तीन. कल्पनेला मी पाच देईन, बांधणीला दोनसुद्धा जड जातात.

टीव्ही दहा आठवडे रोज चालतोय, फ्यूज तोच आहे. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे, पुढे जो कोणी उघडेल त्याच्यासाठी: ‘फ्यूज टी ३.१५ ए, हाच घालावा. पॉझिस्टर तीन पायांचा, बदलला आहे. फ्यूजपुढे प्रिंटच्या जागी जंपर आहे. तार गुंडाळू नये, समोर आई बसते.’